मामाजींची काळी माती

माय गेली त्या वर्षी वडील मोर्शीचं भाड्याचं घर सोडून माझ्या भावाकडे अचलपूरला राहायला गेले. घरमालकानं अंगणातला मायचा जाईचा वेल उपटून टाकला. त्याआधी मी त्याचं एक दाबकलम अकोल्याला आणलं होतं, म्हणून तेवढं वाचलं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या दोनच खोल्या, अंगण नाही. जाई व्हरांड्यात, रॉकेलच्या कापलेल्या डब्यात. बरी चालली होती. तेवढ्यात सासरे आले, मोतीबिंदू काढायला.

मामाजी अंजनगावकडचे शेतकरी. एसटीतून अर्धं पोतं माती घेऊन आले! "आपल्या वावरातली काळी हाय. हिच्यात काडी खोसली तरी झाड होते." डब्यातली वाळू-शेणखताची माती त्यांनी स्वतः सांडली आणि काळी दाबून भरली. रोज सकाळी तांब्याभर पाणीही तेच घालत. वऱ्हाडी माणसाला काळ्या मातीचा असा माज, की वावरातलं सोनं डब्यात नुसता चिखल होतं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

आठव्या दिवशी पानं पिवळी पडली. शेजारी एक नर्स राहायची, तिच्या कुंड्या पाहत राहाव्या अशा. तिनं मातीत बोट खुपसलं.

"अवं, मुळं कुजून राहिली ना! आजच काढ ही माती."

"मामाजी काय म्हणतील?"

"मंग बस त्याइचं तोंड पाहत."

बसले. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि त्यांच्या हातची माती उपसून फेकायची? छे! आणखी आठ दिवसांनी ते गावी गेले. एसटी सुटली असेल-नसेल, मी डबा पालथा केला. मुळं काळी, हात लावताच गळून येणारी. जाई पुन्हा वाळूत लावून पाहिली, पण गेली ती गेलीच. मी तिथंच बसून रडले, आणि रडता रडता म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

दिवाळीला मामाजी आले. रिकामा डबा पाहून म्हणाले, "जाई कुठं गेली?"

या वेळी सगळं सांगितलं. ती कुठून आणली होती, तेही.

त्यांनी रिकामा डबा हातात घेतला.

"माती त माही होती, पोरी. झाड तुया मायचं होतं. बोलली काहून नाही?"