कमलमावशीच्या विहिरीवरचा लाल रंग

कमलमावशीचा आणि तिच्या अख्ख्या वस्तीचा मी गुन्हेगार आहे. गुन्ह्याला दोन वर्षं झाली. भीमजयंतीच्या तीन आठवडे आधी, सोमवारी, भर दुपारी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेत नाही, घरात नाही. मावशीला तर नाहीच.

तुम्ही मला ओळखता. चौसाळ्याच्या बसथांब्यावर तुमच्या हातात पत्रक कोंबणारा तो मीच. गावातले पुढारी मला पत्रकवाला म्हणून हिणवतात, आणि मला ते आवडतं. आवडायचं.

लढा खरा होता. हे आधी सांगतो — आणि सांगतानाच शंका येते, मी आडोसा तर शोधत नाही? गावाच्या वरच्या अंगाला गूळ पावडरचा कारखाना आहे. त्याचं आंबूस, मळकट पाणी ओढ्यात सुटतं. ओढा काळा पडला. जनावरं तोंड लावीनात. ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर कमलमावशीची बौद्ध वस्ती आणि वस्तीची विहीर. मी पत्रक काढलं : विहिरीत विष उतरलं! गावोगाव वाटलं. तपासणी आधी करायची असते, छपाई नंतर — हे काय मला ठाऊक नव्हतं?

मग जलसुरक्षकानं, म्हणजे गावच्या पाण्याचे नमुने घेणाऱ्या पंचायतीच्या माणसानं, विहिरीचं पाणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला : पिण्यास योग्य.

हॉटेलात चहा घेत होतो, तर मागून आवाज आला, "काय बे पत्रकवाल्या, इष पिऊन बी वस्ती जित्तीच हाय की!" सगळं हॉटेल हसलं.

ते हसू मला सोसलं नाही. एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

अहवाल मॅनेज केलाय, अशी मी बोंब ठोकली. फेरतपासणी मागितली, ती मिळाली. जलसुरक्षकानं माझ्यासमोर विहिरीतून बाटली भरली आणि म्हणाला, "दादा, तुमी तालुक्याला चाललातच, तर एवढी देता का पोचवून?" त्यानं विश्वास टाकला. का टाकू नये? त्याच पाण्यासाठी भांडणारा मी!

ओढ्याच्या पुलावर गाडी थांबवली. रस्त्यावर कुणी नव्हतं. खाली उतरलो. बाटलीतलं निम्मं पाणी ओतून दिलं — आणि ओढ्याचं भरलं. उन्हात धरून पाहिली. रंग फार बदलला नव्हता. झाकण घट्ट लावलं. हाताला वास येत होता, तो रुमालाला पुसला. मग तालुक्याला गेलो आणि बाटली जमा केली, अगदी शिस्तीत.

विहिरीचं पुढं काय होईल, हा विचार मनात आला नव्हता का? आला होता. मी तो ढकलून दिला.

अहवाल आला : पिण्यास अयोग्य. कारखान्याला नोटीस गेली. माझा सत्कार झाला. आणि जयंतीच्या आधीच्या शनिवारी पंचायतीनं विहिरीवरची मोटार काढून नेली, कठड्याला धोक्याचा लाल रंग फासला. वस्तीत पाहुणे उतरायला लागले होते. जेवणावळीची चूल खणून तयार होती.

ती विहीर वस्तीनं स्वतःच्या हातांनी खणलेली. मावशीच्या सासू-सासऱ्यांच्या पिढीनं. गावविहिरीवर त्यांना दोराला हात लावू देत नव्हते, म्हणून.

कारखान्यानं थोडे दिवस टँकर पाठवला, फोटो काढून घेतले, बंद केला. नळाची लाइन वस्तीपर्यंत आलेलीच नाही. मग बाया पाण्याला कुठं गेल्या? आमच्या मळ्यात. माझ्या चुलत्याच्या विहिरीवर.

मी तिथंच होतो, बाभळीखाली, मोबाइल बघत. चुलती पाण्याचा पाइप धरून उभी होती.

"हंडा खाली ठेव गं कमल. पायपाला हात न्हाई लावायचा. मीच वतते वरून."

मावशीनं हंडा कडेवरून काढला नाही. "बाई, वरून वतलेलं पानी माझ्या सासूनं पेलं. तिच्या मागं आमच्यात कुनी पेलं न्हाई."

"लई बोलाया लागलीस! न्यायचं तर ने. न्हाई तर हाय की तुमची लाल हीर."

मग मावशीच्या सुनेनं मुकाट्यानं आपला हंडा खाली ठेवला. घरात लेकरं होती. पाणी वरून पडायला लागलं.

तेवढ्यात मावशीनं मला पाहिलं. जवळ आली. म्हणाली, "दादा, तुमचे लई उपकार. तुमी होता म्हनून कळलं तरी. न्हाई तर इषच पीत बसलो असतो."

मी मान हलवली.

मान हलवली मी! तोंड उघडायला तेवढा एक क्षण पुरला असता. चुलतीला 'पाइप त्यांच्या हातात दे' एवढंही म्हणालो नाही. बाटलीचं तर दूरच.

नंतर स्वतःला समजावत राहिलो — खरं सांगितलं तर कारखानेवाले म्हणतील, याचं सगळंच खोटं, ओढाही खोटा. म्हणतीलच. पण ओढा आजही काळा आहे, त्याला माझ्या लबाडीची गरज कधीच नव्हती. मी गप्प राहिलो, कारण मला लढणारा पोरगा म्हणून मिरवायचं होतं. आणि माझ्या मिरवण्याचं पाणी त्या बाया अजून वाहतायत. विहीर अजून बंद आहे. पुन्हा तपासा, असं कुणी म्हणत नाही. कशाला म्हणतील? शहानिशा करणारा मीच होतो ना!

मला माफ करू नका. तो अधिकार तुमचा नाही. तुम्ही येत्या ग्रामसभेला या. उठून उभे राहा आणि मागा : विहीर उपसा, वस्तीसमोर नमुना घ्या, वस्तीसमोर सील करा, वस्तीतलंच माणूस सोबत धाडा. ओढ्याचा नमुना वेगळा घ्या. पत्रकवाल्याला विचारा, असं कुणी म्हणालं तर हे वाचून दाखवा. आणि मोटार कोणत्या दिवशी बसवणार, ते सरपंचाच्या तोंडून ऐकल्याशिवाय सभेतून उठू नका.