डोणगावच्या शिळेवरचा तिसरा

डोणगावात कोणी कोणाचा धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध, नांगरला, की बोलावणं कडूबाला यायचं. डोक्यावर ढेकूळ घेऊन तो हद्दीवरून चालायचा, आणि त्याचं पाऊल पडेल तो धुरा. ढेकूळ घेऊन खोटं चाललं तर घर बुडतं, हे सगळेच मानायचे. पण या बाबानं सख्ख्या भावाविरुद्धही खरं पाऊल टाकलं. भाऊ मरेपर्यंत बोलला नाही. असा हेकट!

त्याचा एकुलता एक मुलगा तुळशीराम जर्मनीशी झालेल्या मोठ्या लढाईत पलटणीची खच्चरं हाकायला गेला. वर्षानं पत्र आलं. शाळेतल्या नजीर मास्तरांनी वाचून दाखवलं: बोटीतून बुशायरले उतरलो, हा इराणचा मुलूख, इथले लोक इचारते का आमचं तुमचं भांडन नाई, मंग आले काऊन?

"खरंच भांडन नाई?" कडूबानं विचारलं.

"नाई ना. इराणच्या बादशहानं जाहीर केलं, आपुन कोनाच्याच बाजूनं नाई. अशा मुलखात फौज घालाची नाई, असा राजाराजायचा कायदा हाय."

"मंग सरकारनं काऊन घातली?"

"अडवते कोन, कडूबा?" मास्तर म्हणाले.

त्या दिवशी कडूबा जेवला नाही. आपलं पोरगं दुसऱ्याचा धुरा मोडून उभं आहे, याची त्याला शरम वाटली. पुढचं पत्र सरकारी होतं. तुळशीराम गोळी लागून मेला, तिथंच मातीत गेला.

लढाई संपल्यावर सरकारनं गावोगाव शिळा बसवायचं काढलं: या गावातून इतके गेले, इतके कामी आले. डोणगावचे कामी आलेले दोनच, त्यांत तुळशीराम नव्हता. कडूबा कचेरीत गेला, तर कारकून म्हणतो, "इराणशी आपली लढाईच नव्हती. मग तुझा पोरगा लढाईत मेला कसा? बसऱ्याला, तुर्कांच्या मुलखात मेला, असं लिहून घेतो. अंगठा दे, तिसरा धरतो."

आता बोला! सरकारनं लढाई केली, पण ती झाली नाही.

"मले खोटं नाई होत," म्हणत कडूबा परत आला. त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, दोन दिवस चूल पेटवली नाही. "माह्या लेकराची ना राख आली, ना हाड. मले डोकं टेकाले एक गोटा पायजे. अन् खोटं सरकारचं हाय, तुमचं नाई."

तिसऱ्या दिवशी त्यानं अंगठा दिला.

शिळा बसली तेव्हा साहेब आला. म्हणाला, "जर्मनीने एका लहान देशाची हद्द तुडवली. तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. अशा देशात फौज घालू नये, या कायद्यासाठी तुमची तीन मुलं कामी आली." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कडूबा ताडकन उठला. त्याला एवढंच विचारायचं होतं, अन् इराणची हद्द?

"बोला, बाबा," साहेब म्हणाला.

कडूबानं शिळेकडे पाहिलं. पण तुळशीराम इराणात कधी गेलाच नव्हता, असं त्यानंच लिहून दिलं होतं. झुंबरबाई शिळेवरच्या तीनच्या आकड्यावर हात फिरवत रडत होती.

"काई नाई, साहेब," तो म्हणाला, आणि खाली बसला.