नरसय्यामामांची खळ

नरसय्यामामा गेल्याचे मला विभागाच्या व्हॉट्सॲप गटावरून कळले. ‘आपले निष्ठावान सेवक’ असा उल्लेख, खाली जोडलेले हात, आणि लगेच दुपारच्या बैठकीची वेळ. सात आठवडे झाले. राग ओसरलेला नाही. तो ओसरण्याआधी लिहिणे मला आवश्यक वाटते.

सोलापुरातील आमच्या महाविद्यालयात मामा प्रयोगशाळा सहायक होते, भट्टी त्यांच्याकडे. मी तिथे पीएच.डी.साठी सच्छिद्र ॲल्युमिनाचे दाणे बनवत होते. कारखान्यांतील उत्प्रेरकाला असा दाणा लागतो, ज्याच्या आत असंख्य पोकळ्या असतात. अभिक्रिया त्या पोकळ्यांच्या भिंतींवर घडते. माझ्या दाण्यांतील छिद्रे इतकी अरुंद, की वायू आत शिरतच नव्हता. परदेशी रसायन घातल्यावर ती रुंद झाली, पण ते इतके महाग होते की कोणताही कारखाना असे दाणे घेणार नव्हता. दोन वर्षे अशी गेली... मग एका सकाळी मामांनी माझ्यासमोर स्टीलचा डबा ठेवला. भवानी पेठेत त्यांच्या भावाचे माग आहेत. सुताला लावायची खळ, म्हणजे शिजवलेला स्टार्च, डब्यात होती.

“हे कालवून बघा की मॅडम. भट्टीत खळ जळून जाती, तिची जागा तेवढी राहती.”

मी हसले, आणि कपाटातला शुद्ध स्टार्च ताजा शिजवून वापरला. दाणे तडकले. पुन्हा केले, पुन्हा तडकले. ताजी खळ आमच्या घरात कुणी लावत नाही, दोन दिवस मुरू द्यावी लागते, असे मामांनी शांतपणे सांगितले. त्यांच्या मुरलेल्या खळीचे दाणे त्यांनी दिवसभर अगदी सावकाश तापवले. ते अखंड निघाले, आणि छिद्रे हवी तेवढी रुंद होती.

पेटंटच्या अर्जात मार्गदर्शक सरांचे आणि माझे नाव गेले. मामांचे काय, असे विचारल्यावर सर म्हणाले, “उद्या भट्टीचंही नाव घालायचं का?” मला परदेशी जायचे होते आणि शिफारसपत्र त्यांच्याकडूनच हवे होते. मी गप्प बसले. हे कारण आहे, सबब नव्हे.

शोधनिबंध छापून आल्यावर मामांनी तो मागून घेतला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून इंग्रजी अक्षरे एकेक जुळवत वाचली : प्रयोगशाळेतील सर्व सहकाऱ्यांचे आभार.

“सर्व म्हणजे... मी कुटं हाय ह्यात?”

पुढच्या निबंधात नक्की, असे मी म्हणाले. त्यांनी पाने सारखी करून परत दिली आणि भट्टी लावायला गेले. पुढचा निबंध निघण्यापूर्वीच हृदयविकाराने त्यांना नेले.

शोकसभेत सरांनी त्यांच्या ‘मूक सेवेचा’ गौरव केला. माणूस बोलतो आणि कुणी नोंद घेत नाही, याला मूकपणा म्हणत नाहीत. मी उठून खळीची हकीकत सांगितली आणि पेटंटच्या अर्जात मामांचे नाव घाला, असे म्हणाले. तू भावनेच्या भरात आहेस, असे सर म्हणाले. अर्ज बदलायचा तर पुरावा लागेल.

पुरावा मामींनी दिला. भवानी पेठेतल्या घरात, कपड्यांच्या घडीखाली, एक वही होती. खळ किती दिवसांची, भट्टी कधी किती तापली, दाणे कसे निघाले... प्रत्येक भट्टीची नोंद. माझ्या तडकलेल्या दाण्यांसमोर फक्त ‘मॅडमची ताजी’. कव्हरवर पूर्ण नाव : नरसय्या लक्ष्मय्या गड्डम. पाच वर्षांत मी त्यांचे आडनावही विचारले नव्हते.

अर्जदुरुस्तीच्या कागदावर ते पूर्ण नाव मी माझ्या नावाच्या वर लिहिले आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवला. शिफारसपत्र आता मिळणार नाही. सरांनी कागदावर सही केलेली नाही. मूळ वही मात्र विभागात जमा कर, असा निरोप पाठवला आहे.

मी ती देणार नाही.