दाबाच्या लायब्ररीतलं एक खातं

पाणीपुरवठा खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर ज्यांना सगळे ग्रंथपाल म्हणतात, त्यांच्या ताब्यात एकही पुस्तक नाही. त्यांच्या लायब्रऱ्या म्हणजे आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेले लाखो ओळींचे तक्ते: नळाच्या पाण्याच्या तपासण्या, तक्रारी, जलवाहिन्यांमधला दाब. पूर्वी प्रयोगशाळा, दुरुस्ती आणि तक्रार विभाग आपापली प्रत बाळगून असत आणि एका प्रश्नाला तीन उत्तरं देत. ग्रंथपालांनी सगळ्यांना एकाच जागच्या तक्त्यांशी जोडून दिलं आणि कोणी काय उघडायचं ते तक्त्याच्या नोंदीतच लिहून ठेवलं. या नोंदीला मेटाडेटा म्हणतात. तक्ता कोणी केला, कोणत्या रकान्यात काय आहे, परवानगी कोणाला, सगळं त्यात असतं. परवानगी नसलेल्याला बंद दारसुद्धा दिसत नाही. तिथे काही आहे, हेच त्याला कळत नाही.

नव्या माणसाला ते दोनच गोष्टी शिकवत. एक, परवानगी गटाला द्यायची, माणसाला नाही. माणसं नोकरी सोडून जातात. दोन, आधी आपल्या लोकांना आत घ्यायचं आणि मग ‘सर्व’ला, म्हणजे खात्यातल्या झाडून सगळ्यांच्या गटाला, बंद करायचं. कारण ‘सर्व’मध्ये आपणही असतो.

दाबाची लायब्ररी त्यांच्या मुलीनं बांधली होती. दोन वर्षं ती कंत्राटावर समोरच्याच टेबलाशी बसायची. कचेरीत त्यांना सर म्हणायची आणि संध्याकाळी जिना उतरायला लागली की बाबा. एकेचाळीस तक्ते तिनं केले, आणि प्रत्येकाच्या वर्णनाच्या चौकटीत, जिथे बाकीचे लोक ‘मासिक माहिती’ असं काहीतरी खरडून मोकळे होतात, तिथे तिनं नीट लिहिलं. सातव्या तक्त्यात होतं: ‘जुन्या मीटरचे आकडे दुसऱ्या मापात होते, बदलले आहेत. चहा वेळेवर आला असता तर कालच झालं असतं.’

तीन वर्षांपूर्वी ती परदेशी नोकरीला गेली. शेवटच्या दिवशी ग्रंथपालांनी तिचं खातं बंद करायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी दाबाच्या लायब्ररीत तिच्या एकटीच्या नावानं परवानगी लिहून दिली. काही अडलं तर विचारता येईल, असं स्वतःला सांगितलं. अडलं काहीच नाही. तिनं काम चोख केलं होतं. फोन आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग नुसता अंगठ्याचा मेसेज. ग्रंथपाल अधूनमधून तिची वर्णनं उघडून वाचत. सातव्या तक्त्याच्या वर्णनाखाली त्यांनी एक ओळ लिहिली होती: ‘चहा आता मशीनचा आहे. वेळेवर येतो, पण पिववत नाही.’

बायकोला हे ठाऊक होतं. “अहो, बोलायचंय तर फोन करा,” ती म्हणायची. “ती काय पाइपात बसलीय?”

यंदा तपासनिसाच्या त्रुटींच्या यादीत दाबाची लायब्ररी पहिली आली: सोडून गेलेल्या व्यक्तीचं खातं अजून चालू. खात्याच्या मोठ्या बाईंनी दोनदा आठवण केली. ग्रंथपालांनी दोनदा कारण दिलं. तिसऱ्यांदा बाईंनी शुक्रवार ठरवून दिला आणि वर म्हणाल्या, “तुमच्याकडे कारणांचीही लायब्ररी आहे वाटतं.”

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ते कामाला बसले. तिच्या नावाच्या ओळीला हात लावायचा नव्हता, निदान सगळ्यात शेवटी लावायचा होता. म्हणून त्यांनी ‘सर्व’पासून सुरुवात केली: वाचणं बंद, पाहणं बंद, कायम करा. पडद्यावरून दाबाची लायब्ररी नाहीशी झाली.

बत्तीस वर्षांत ही चूक त्यांनी दुसऱ्यांची निस्तरली होती. एकेचाळीस तक्ते जागच्या जागी होते आणि प्रयोगशाळेला, दुरुस्तीला, त्यांना स्वतःला, कोणालाच दिसत नव्हते. माणसाच्या नावानं दिलेली परवानगी तेवढी ‘सर्व’च्या मनाईला जुमानत नाही. आणि तशी परवानगी मुलीच्या एकटीकडेच होती. ते खातं बाहेरूनही उघडत असे.

त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळ होती. तिनं आधी विचारलं, आई बरी आहे ना. मग त्यांनी झालेलं सांगितलं आणि ती हसत सुटली. हे हसणं त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

“सर, आधी आतल्यांना आत घ्यायचं असतं.”

“माहीत आहे. तू दोन मिनिटं आत जा आणि माझं नाव घाल.”

तिनं हसू आवरलं. मग म्हणाली, “बाबा, मी त्या कचेरीत नाही आता. मी आत शिरणं बरोबर नाही. मुख्य कार्यालयाला कळवा, ते उघडून देतील.”

“तुझं खातं मी चालू ठेवलं होतं, हे त्यांना दिसेल.”

“दिसू दे.” मग ती म्हणाली, “मला माहीत होतं चालू आहे ते. एकदा उघडून पाहिलं होतं.”

चाळीस मिनिटं ते बोलत राहिले, बहुतेक तिच्या नव्या घराबद्दल.

मुख्य कार्यालयानं तासाभरात दार उघडून दिलं आणि एक खरमरीत पत्र पाठवलं. ग्रंथपालांनी ते मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बाईंनी वाचलं, एवढंच म्हणाल्या, “आज संपवा.”

या वेळी क्रम चुकला नाही. आधी गट आत घेतले, मग ‘सर्व’ बंद केलं. तिची ओळ काढण्याआधी त्यांनी त्या खात्याच्या वापराची नोंद उघडली. तीन वर्षांत एकच भेट होती: गेल्या वर्षीच्या एका मंगळवारी, दुपारी, चार मिनिटांची. फक्त सातवा तक्ता. आकडे पाहिले नव्हते, वर्णन तेवढं उघडलं होतं.

ग्रंथपालांनी आपली त्या दिवसाची हजेरी पाहिली. त्या मंगळवारी ते कामावर होते, याच खुर्चीत.

त्यांनी तिची ओळ काढली आणि बदल कायम केला. वर्णनं काढून टाका, असं यादीत कुठेही म्हटलेलं नव्हतं. ती त्यांनी तशीच ठेवली.