माझ्या आजाराची गोळी

यवतच्या मेडिकलसमोर चुन्याचे गोल आखले होते. एकेका गोलात एकेक माणूस. मी तिसऱ्या गोलात उभी. लॉकडाऊन नुकतंच लागलं होतं. आमच्या खुटबावचे आप्पा जीपमधून उतरले आणि सरळ काउंटरला गेले. गोल त्यांच्यासाठी नव्हते. दुकानदारानं आतून चार खोकी आणून त्यांच्या पिशवीत घातली. खोक्यावरचं नाव मी लांबूनच ओळखलं. चार वर्षं मी तीच गोळी खात होते.

माझा नंबर आला. चिठ्ठी पुढं केली. दुकानदार म्हणाला, "संपली."

"आत्ता तर आप्पांना दिली."

"ती शेवटची व्हती."

जीपला टेकून उभे असलेले आप्पा वळले. मास्क हनुवटीखाली. "तुला कशाला पायजे गं? कोरोनाला चालती म्हणत्यात, म्हणून घरात ठिवतोय. तुमच्या लोकांना कशाचा व्हतोय कोरोना? उकिरड्यावर वाढलेली हाडं तुमची."

रांग हसली. मीपण हसले. आप्पांच्या घरातलं कुणी काही बोललं की आम्ही बौद्धवस्तीतल्यांनी हसायचं, हे अंगातच मुरलेलं. मास्कच्या आत हसले, पण हसले. ते अजून सलतं.

मला आमवात आहे. मी शिवणकाम करते. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही गोळी रोज घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही. गोळी घेतली की बोटं माझी. नाही घेतली की बोटं कुणाची तरी दुसऱ्याची.

माहेर न्हावऱ्याचं. भावाला फोन केला. तो मोटारसायकलवर शिरूरपर्यंत गेला, पोलिसांच्या दोन काठ्या खाल्ल्या, हात हलवत परत आला. तिथंही नव्हती.

तीन आठवड्यांत हात मिटले. सकाळी मूठ उघडायला दहा वाजायचे. नळ फिरवता येईना. सुईत दोरा जाईना. माझी वेणी नवरा घालायचा, तीही वाकडीतिकडी. अंगात कणकण असायची, म्हणून शेजारणींनी येणं बंद केलं. सासू म्हणायची, "समद्या जगाला दुखतंय, तुझंच काय निराळं?"

मग डोकं बिघडलं. छातीत धडधडायचं, घाम फुटायचा. जेवण नको, माणूस नको. विहिरीवर गेले की कठड्यापासून लांब उभी राहायचे. जवळ गेले तर काय करीन, याची मलाच खात्री नव्हती.

डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "गोळी बंद करू नका."

"मिळतच न्हाई, साहेब."

"मग थोडं सहन करा. टेन्शन घेऊ नका."

फोन ठेवला आणि भिंतीला कपाळ लावून बसले.

अशात आप्पांच्या घरून निरोप आला. गावात वाटायला दोनशे मास्क शिवायचे होते. त्या घराला नाही म्हणायची रीत नव्हती. गेले. ओसरीच्या खालच्या पायरीवर बसले. वहिनी, म्हणजे आप्पांची बायको, कापडाचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. त्यांच्यामागं कोनाड्यात ती चार खोकी होती.

"वहिनी, ती गोळी कोण खातं?"

"कुणीबी न्हाई. सूनबाईनं एक खाल्ली, तिला मळमळलं. तवापासून पडल्यात."

"माझी तीच गोळी हाय. बघा माझे हात."

मी हात पुढं केले. वहिनींनी बघितले. त्यांचा चेहरा जरा हलला. आत गेल्या. एका पाकिटातून कात्रीनं दोन गोळ्या कापून आणल्या आणि वरूनच गठ्ठ्यावर टाकल्या. "घे. कुणाला सांगू नगं."

आतून आप्पांचा आवाज आला. "आधी मास्क आण म्हणावं. मग बघू आनखी."

मी त्या दोन गोळ्यांकडं बघत राहिले. हात त्यांच्याकडं जात होता, खोटं सांगणार नाही. पण डोक्यात एकच घुमत होतं. ज्यांना नको, त्यांच्याकडं चार खोकी. जिला पाहिजे, तिनं दोनशे मास्क शिवायचे, तेही ह्या हातांनी, दोन गोळ्यांसाठी.

मी गठ्ठा कोपरानं ढकलला. गोळ्या त्याच्यावरच राहिल्या.

"मी शिवणार न्हाई."

आप्पा दारात आले. "हात दुखत्यात म्हणून एवढा माज?"

"व्हय. दुखत्यात म्हणूनच."

उठायला वेळ लागला. गुडघेपण धरले होते. पण कुणाचा आधार न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या मोटारसायकलवर यवतला गेले. दुकानदाराला म्हटलं, "गोळी न्हाई, असं ह्या चिठ्ठीमागं लिहून द्या. सही करा, शिक्का मारा. आन् आप्पांना चार खोकी कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिली, तेबी लिहा."

तो इकडंतिकडं बघायला लागला. "एवढं कशाला, ताई?" मग खालच्या ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. दहा गोळ्या. मी घेतल्या. पैसे दिले. आणि पुन्हा म्हटलं, "आता लिहून द्या."

त्यानं नाही दिलं. मग मीच लिहिलं, तहसीलदारांना: चिठ्ठी नसलेल्याला चार खोकी, चिठ्ठी असलेलीला एक गोळी नाही. अर्धं पान लिहायला सगळी दुपार गेली.

उत्तर आलं नाही. त्या घरानं आम्हाला काम देणं बंद केलं. गोळी पुढं दुकानात आली, पण मधल्या काळात उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच. डॉक्टर म्हणतात, आता सरळ होणार नाहीत. डोक्यासाठीपण गोळ्या चालू आहेत. गावात म्हणतात, येडी झाली, अर्ज करत फिरती. म्हणू देत.

परवा पुन्हा अर्ज दिला. ह्या वेळी पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलले नाही. उत्तर येईपर्यंत देत राहणार. अक्षर वाकडं येतं. पण वाचता येतं.