पाणी पिणं अवघड न्हाय

दिवसभर गाडी चालवणाऱ्या माणसाशी दिवसभर कुणी बोलत नाही. फोन येतात, पण त्यात "कुठवर आला?" एवढंच असतं. त्यामुळे दुपारी बारामतीत इंदापूर रस्त्याच्या कडेला, आमच्या लिंबाखाली गाड्या लागल्या की सकाळपासून तोंडात अडकलेलं सगळं बाहेर पडतं. वीस वर्षं मी भाजीचा पिकअप चालवतोय. एवढ्या वर्षांत किस्से इतके साठले की कुठला कुणाचा हेच विसरायला होतं. पण निम्म्या किश्शांचं मूळ एकच आहे. आम्ही लोक पाणी पीत नाही.

०

तात्या आमच्यात सगळ्यांत मोठे. साठी आली तरी दुधाचा टेम्पो अजून स्वतः चालवतात. गावोगावचं दूध गोळा करायचं आणि ऊन चढायच्या आत बारामतीला पोचवायचं. प्रत्येक थांब्यावर चहा ठरलेला. नको म्हणायची सोय नाही. ज्याच्या घरचा चहा नाकारला, तो आठवड्याभरात दूध दुसऱ्या गाडीला घालायला लागतो, असा त्यांचा अनुभव.

एका उन्हाळ्यात त्यांना चक्कर आली. मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, दिवसाला पाणी किती पिता?"

"चौदा कप."

"मी पाण्याचं विचारतोय, चहाचं नाही."

"मग चहात असतंय काय? आमच्याकडचे लोक दूध डेरीला घालत्यात, चहात न्हाय."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'पाणी' एवढंच लिहून दिलं. तात्या ती चिठ्ठी घेऊन सरळ मेडिकलमध्ये गेले. मेडिकलवाल्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

०

बाळू इंदापूरकडची डाळिंबं पुण्याला नेतो. त्याच्या बायकोनं त्याला दोन लिटरची बाटली घेऊन दिली आणि तिच्यावर मार्करनं रेघा मारल्या. दहाची रेघ, बाराची, दोनची, चारची. त्या त्या वेळेला पाणी त्या त्या रेघेपर्यंत उतरलं पाहिजे.

बाळू रोज संध्याकाळी रिकामी बाटली घरी न्यायचा. बायको खूश होती. आम्हीही त्याचं कौतुक करायचो. खरी गोष्ट अशी, की हायवेवर धुळीनं काच भरली की तो रेघेबरहुकूम पाणी काचेवर ओतायचा आणि फडकं मारायचा.

मे महिन्यात एक दिवस फारच ऊन होतं. बायकोनं काळजीपोटी, न सांगता, पाण्यात लिंबू, साखर आणि मीठ घातलं. भिगवणच्या अलीकडं बाळूच्या काचेवर सगळी धूळ आणि चिलटं अशी चिकटून बसली की समोरचा ट्रक दिसेना. गाडी बाजूला घेऊन त्यानं तावातावानं घरी फोन लावला. "बाटलीत काय घातलं व्हतं?"

बायको म्हणाली, "का? चवीवरनं कळलं न्हाय व्हय?"

०

दुसऱ्याला हसण्यात माझाही नंबर वरचा, म्हणून माझंही सांगतो. पळसदेवजवळ माझ्या कमरेत अशी कळ आली की स्टिअरिंग हातात राहीना. गाडी कशीबशी कडेला लावली आणि खाली बसलो. उजनीचं पाणी बरंच मागं हटलं होतं, जुनं देऊळ उघडं पडलं होतं. तरी नजर जाईल तिथपर्यंत पाणीच होतं. माझ्या गाडीत मात्र तीन दिवसांपूर्वीची अर्धी बाटली.

काठावर जाळं सोडवत बसलेला एक मासेवाला उठून आला. त्यानं स्वतःची कळशी पुढं केली आणि म्हणाला, "ड्रायव्हर दिसताय."

मी विचारलं, "कशावरनं?"

"हितं पाणी बघायला मोटारवाली माणसं थांबत्यात. ड्रायव्हर थांबतो तो पोट धरूनच."

मुतखडा निघाला. तेव्हापासून मी पाणी पितो, आणि जिथं लागेल तिथं गाडी उभी करतो. ही दुसरी गोष्ट किती सोपी होती, ते मला पुढं कळलं.

०

सुनीता आमच्या लिंबाखाली आली त्याला तीन वर्षं झाली. कोऱ्हाळे बुद्रुकची. बेकरीचा माल गावोगावच्या दुकानांना पोचवते. टेम्पो तिचा स्वतःचा. पहाटे घर सोडते, कन्हेरीपासून पुढं इंदापूरच्या बाजूला जाऊन दुपारी परत येते. तिच्या गाडीत पाण्याची बाटलीच नसायची. "आमच्यात पहिला नंबर सुनीताचा," असं आम्ही म्हणायचो. तीही हसायची.

एक दिवस ती गाडीतून उतरली आणि बोनेटला धरून उभी राहिली. अंग तापलेलं होतं. लघवीचं इन्फेक्शन, आणि तेही तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी सांगितलं, आता परत झालं तर किडनीवर जाईल, पाणी पिणार नसाल तर गाडी सोडा. घरच्यांनी 'गाडी सोडा' एवढंच ऐकलं.

आठवड्यानं ती लिंबाखाली आली ती टेम्पो विकायचं बोलायलाच. म्हणाली, "गाडी गेली की परत दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं. दुसरं काय येतंय मला?"

तात्या चिडले. "आगं, पण पाणी प्यायला काय अवघड हाय?" हे तात्यांनी विचारावं, याचं बाळूला हसू आलं.

सुनीता मात्र हसली नाही. "तात्या, पाणी पिणं अवघड न्हाय. त्याच्या पुढचं अवघड हाय. तुमी कुठंबी गाडी लावता आन् उतरता. मी कुठं उतरू? पंपावर गेलं तर संडासाला कुलूप, चावी मॅनेजरकडं आन् मॅनेजर जेवायला. पहाटे पाचपासनं तीनपर्यंत मी घोटभर पीत न्हाय, ते काय हौस म्हणून?"

तीन वर्षं आम्ही तिची चेष्टा करत होतो. मला माझी लाज वाटली.

०

दुसऱ्या दिवशी तात्यांचा टेम्पो दीड तास उशिरा आला. आयुष्यात पहिल्यांदा. काय झालं ते मला नंतर कन्हेरीच्या मालनबाईंनी सांगितलं. त्यांच्या दारात तात्या दूध घेतात आणि मी वांगी भरतो.

तात्यांनी म्हणे चहा हातात घेतला, पण पिईनात. घसा खाकरला. म्हणाले, "मालनबाई, एक पोरगी हाय आमच्या वळखीतली. लय चांगली. कष्टाळू."

मालनबाईंचा मुलगा लग्नाचा. त्यांनी पदर सावरला, कपाला बशी दिली. "कुठली हाय?"

"कोऱ्हाळ्याची. गाडी चालवती."

"चालंल की. शिकलेली हाय?"

तात्यांना घाम फुटला. "तसं न्हाय वो. लग्न झालंय तिचं. ती ह्या रस्त्यानं रोज जाती. तिला... म्हंजे बाईमाणूस हाय... तुमचं ते मागचं बाथरूम..."

मालनबाईंनी कपाला बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "येवढ्यासाठी चहा गार केला व्हय?"

तात्यांनी त्या सकाळी असं पाच घरी विचारलं. साठीचा माणूस, बायकांशी दुधाच्या फॅटपलीकडं कधी बोललेला नाही. पाचही घरांची नावं त्यांनी एका कागदावर लिहून सुनीताला दिली. तो कागद तिच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला आहे. शेजारी आता पाण्याची बाटली असते. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही, इन्फेक्शनही पुन्हा झालं नाही. तात्या तिच्यासमोर रोज एक तांब्या पाणी पितात, तोंड वाकडं करून.

०

मागच्या महिन्यात मी कन्हेरीला वांगी भरायला गेलो. दुपारचे बारा वाजले होते. एरवी या वेळेला मालनबाई रानात असतात. आज उंबऱ्यात बसल्या होत्या.

मला बघून म्हणाल्या, "भाऊ, सुनीता का आली न्हाय अजून? बरी हाय ना?"

मी म्हटलं, "बरी आहे. गाडी सर्व्हिसिंगला टाकली आज. ती घरीच आहे."

"मग सांगायचं न्हाय का? घरात कुणी न्हाय, समदी लग्नाला गेली. म्या रानात गेले आन् पोरीला दाराला कडी दिसली, तर ती तशीच जायची फुडं. म्हणून सकाळपासनं हितंच बसले."

मी रानाकडं पाहिलं. वांग्यांच्या झाडांनी माना टाकल्या होत्या. पाण्याची मोटार बंद होती.

"अहो, मग वांग्यांचं पाणी राहिलं की. शेतीची लाईट तर आता जाईल."

त्या उठल्या आणि लुगडं झटकत म्हणाल्या, "राहू द्या. वांगी उद्या पित्याल."