शेवटचं घर

निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांनी पुठ्ठ्यावर एक खेळ आखायला घेतलाय. चकलीसारखी आत वळत जाणारी घरं, आणि मधल्या घरात पुन्हा तोच पट, छोटा. त्याच्या आत आणखी छोटा. तिथलं मधलं घर गाठलं, की जिंकलं.

आज ह्यांना जिंकायला नेमके दोन हवे होते. कवड्या टाकल्या, दोनच पडले. मी बघितलं. पण ह्यांनी घाईघाईने कवड्या गोळा केल्या. “तीन! हुकलं बघ.”

लबाडी माणूस जिंकायला करतो. न जिंकण्यासाठी करणारा कशाला भीत असेल?

मग माझा डाव. मलाही दोन हवे होते, दोन पडले. मी चटकन कवड्यांवर हात ठेवला.

“चार,” म्हटलं.

आता हे माझ्या हाताकडे संशयाने बघतायत.